येथे थांबून पहाणे

दुसऱ्या मजल्यावरच्या आरेखकांचा स्वाभिमान नेमका कुठे आहे, हे त्या इमारतीतला कुणीही सांगू शकला असता. तो घाटात होता. बाकीच्या बाबतीत माणूस अगदी गरीब. जिन्यात कुणी धक्का दिला तर स्वतःच माफी मागणारा, दूधवाल्याने पाणी घातलं तर आज दूध हलकं आहे एवढंच म्हणणारा. पण घाटाचा विषय निघाला की त्यांची मान दोन बोटं वर जाई आणि आवाज कचेरीतल्या साहेबांसारखा होई. विषय निघाला नाही तर ते स्वतः काढत. शेजारच्या घरी टोमॅटो महाग झाल्याची चर्चा चालली असली तरी हे टोमॅटोवरून ट्रकवर, ट्रकवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून घाटावर तीन वाक्यांत पोहोचत. म्हणून इमारतीने त्यांचं नाव ‘घाटवाले’ ठेवलं होतं. ते त्यांना टोमणा वाटत नसे, पदवी वाटे.

आरेखक म्हणजे रस्ते-पुलांच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस. मोजणीवाले डोंगरात फिरून आकडे आणतात, साहेब सह्या करतात, आणि मधल्या सगळ्या रेघा आरेखक मारतो. बावीस वर्षांपूर्वी डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरणारा नवा रस्ता करायचं ठरलं, तेव्हा त्याचे पंधराच्या पंधरा ताव यांनी काढले होते. एका तावावर एक वळण. रस्ता झाला, लोक जाऊ-येऊ लागले, तिथले फोटो कॅलेंडरांवर आले. यांच्या टेबलाशेजारी तसलं एक कॅलेंडर गेली नऊ वर्षं लटकत होतं आणि त्याचा महिना कधीच बदलला जात नसे.

तर झालं असं, की एका रविवारी त्यांच्या मुलीला गाडी चालवायचा परवाना मिळाला. त्या आनंदात चहाला चार माणसं जमली. तळमजल्यावरचे विमावाले आले, समोरच्या वहिनी आल्या, आणि दोन थांबे पलीकडे राहणारे सासरेबुवाही आले. मुलगी म्हणाली की पहिली लांबची फेरी घाटातच मारायची. विमावाले म्हणाले की घाट सुंदरच आहे, ज्याने कुणी केला त्याची कमाल आहे. झालं. आरेखकांनी कप खाली ठेवला, मान दोन बोटं वर केली आणि सहाव्या वळणाच्या त्रिज्येपासून सुरुवात केली.

सासरेबुवांनी नवव्या वळणापर्यंत ऐकून घेतलं. मग बिस्कीट चहात बुडवत त्यांनी विचारलं, “जावईबापू, हा घाट तुम्ही पाहिलाय का?”

 बायको एकदम किटलीचं झाकण तपासू लागली. खरी गोष्ट अशी होती की आरेखकांनी तो घाट बावीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

आता या सासरेबुवांबद्दल सांगायला हवं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते, पण त्यांची तांबडी पेन्सिल झाली नव्हती. ती कायम सदऱ्याच्या खिशात असे. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, दुकानांच्या पाट्या, जे जे वाचायला मिळे ते ते ही पेन्सिल तपासून परत करी. जावयाशी त्यांची ओळखही तिच्यामुळेच झाली. आरेखकांनी लग्नासाठी त्यांच्या मुलीला मागणी घालणारं पत्र लिहिलं होतं आणि शेवटी भीतभीत जोडलं होतं, ‘उत्तराची वाट पहात आहे.’ पत्र चार दिवसांनी परत आलं. ‘पहात’खाली तांबडी रेघ होती, समासात ‘पाहत’ असं लिहिलं होतं आणि तळाशी होतं, ‘बाकी मजकूर मान्य.’ त्या तीन शब्दांवर त्यांचा संसार उभा राहिला.

त्यानंतर सव्वीस वर्षं सासऱ्यांनी समजावलं, बायकोने समजावलं, पुढे मुलगी शाळेत जाऊन तिनेही समजावलं, की शब्द ‘पाहणे’ आहे, काना ‘प’ला असतो, ‘ह’ला नाही. आरेखकांना ते पटलंही होतं. पण हात ऐकत नव्हता. डोक्यातून निघालेला ‘पाहणे’ मनगटापर्यंत बरोबर येई आणि कागदावर ‘पहाणे’ होऊन उतरे. ज्याला शब्दातला काना जागेवर ठेवता येत नाही त्याने डोंगरात वळण कुठे ठेवलं असेल, असा सासरेबुवांचा साधा हिशेब होता.

“पाहिला नाही,” आरेखक म्हणाले. “पण केलाय मीच.”

“घाट मजुरांनी केला, इंजिनिअरांनी केला,” सासरेबुवा शांतपणे म्हणाले. “तुम्ही रेघा मारल्या. जाऊन पाहू या. रेघा तरी जागेवर आहेत का, ते कळेल.”

आरेखकांच्या वर्मी बसलं. पुढच्या रविवारी घाटात जायचं, असं त्यांनी त्याच क्षणी जाहीर केलं, आणि जाहीर करताच ते पस्तावले. कारण घाट न पाहण्याचं खरं कारण त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. रजा मिळत नाही, गाडी लागते, मुलगी लहान आहे, असं काहीबाही सांगून त्यांनी बावीस वर्षं निभावून नेली होती. खरं कारण होतं तेरावा ताव.

ते तेरावा ताव काढत होते त्या दुपारी त्यांना एक शंका आली होती. मोजणीच्या वहीत त्या जागी डोंगराचा जो उतार लिहिला होता, तो आजूबाजूच्या आकड्यांशी जुळत नव्हता. एक तर आकडा चुकला होता, नाही तर डोंगर. आकडा खरा धरला तर रस्ता डोंगराला अगदी बिलगून जात होता आणि वरचा उतार उभा अंगावर येत होता. ते वही पुन्हा उघडणार, तेवढ्यात फोन आला की बायकोला दवाखान्यात नेलंय, लगेच या. त्यांनी पेन्सिलीने तेराव्या वळणाशेजारी स्वतःसाठी एक टीप लिहिली आणि छत्री विसरून धावले. मुलगी झाली. चार दिवसांनी ते पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत परतले, तर टेबल रिकामं. ताव अनुरेखकाने शाईत उतरवून, साहेबांची सही होऊन, डोंगराकडे रवानाही झाले होते. अनुरेखक एवढंच म्हणाला की जे होतं ते सगळं उतरवलं. नोकरी कच्ची होती, तोंड उघडायचा धीर झाला नाही. तेव्हापासून कुठल्याही घाटात दरड कोसळल्याची बातमी आली की आरेखक ती उभ्याने वाचत, आणि आपला घाट नाही हे कळल्यावरच खाली बसत. ज्या गोष्टीचा अभिमान छातीत मावत नव्हता, तिच्याच एका कोपऱ्याची भीती त्याच छातीत बसली होती.

पण आता घोषणा झाली होती, आणि इमारत कामाला लागली. समोरच्या वहिनींनी गाडी लागू नये म्हणून उपाय सांगितले. प्रत्येकाने पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधायची, हातात लिंबू धरायचं आणि वळण आलं की वळणाच्या उलट बाजूला बघायचं. चालवणाऱ्यानेसुद्धा का, असं मुलीने विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या की तिने निदान लिंबू तरी घ्यावं. विमावाल्यांनी स्वतःची गाडी दिली. माणूस मनाचा मोठा, पण धंद्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूत अपघात दिसे. गाडीबरोबर त्यांनी एकतीस सूचनांचा कागद दिला. त्यातली एकोणतिसावी सूचना अशी होती की स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो, घाबरू नये. घाटात ते सोयीचंच पडेल, असं ते वर म्हणाले.

सगळ्यात जास्त दमवलं ते परवान्याने. घाटाच्या कठड्यांची दुरुस्ती चालू होती म्हणून लहान गाड्यांना कचेरीची परवानगी लागत होती, आणि ती कचेरी म्हणजे आरेखकांचीच. घरचं काम, म्हणून ते फुशारकीने खिडकीशी गेले. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की अर्जासोबत मार्गाचा नकाशा हवा. आरेखकांनी पाच मिनिटांत काढून दिला. कारकून म्हणाला की नकाशा आरेखकाने प्रमाणित केलेला हवा. आरेखकांनी सही केली. कारकून म्हणाला की अर्जदाराने स्वतःचा नकाशा स्वतः प्रमाणित करता येत नाही. मग दुसरा आरेखक कुठे आहे, असं विचारल्यावर त्याने फाइल चाळून सांगितलं की या कचेरीत आरेखकाचं एकच पद आहे आणि ते भरलेलं आहे. आपण निवृत्त झालो तरच आपल्याला आपला घाट पाहता येईल, हे लक्षात येऊन आरेखक तिथल्या बाकावर जरा वेळ बसून राहिले.

शेवटी साहेबांनी तोड काढली की अनुरेखकाने सही करावी. अनुरेखक म्हणजे आरेखकाच्या पेन्सिलीच्या रेघांवर पारदर्शक कागद ठेवून त्या शाईत उतरवणारा. हा अनुरेखक जुना, बावीस वर्षांपूर्वीचाच, आणि जसंच्या तसं उतरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मूळ कागदावर डास चिरडलेला असेल तर हा त्याचे पाय मोजून काढी. त्याच्यापुढे नकाशा ठेवून आरेखक म्हणाले, माझ्या सहीखाली सही कर. त्याने चष्मा लावला, आरेखकांची सही नीट न्याहाळली आणि तिच्याखाली हुबेहूब तीच सही केली. जन्मभराची सवय. आरेखकांनी परवाना घडी करून खिशात घातला तो रविवारी सकाळी गाडीतच उघडला.

रविवारी सातला निघायचं ते पावणेनऊला निघाले. मुलगी चालवायला, शेजारी आरेखक, मागे बायको आणि सासरेबुवा. डब्यात पाव, उकडलेली अंडी, केळी, थर्मासमध्ये चहा. सासरेबुवांनी लिंबू नाकारलं. लिंबाने पोट शांत होतं याला आधार काय, असं त्यांनी वहिनींना जिन्यातच विचारलं होतं. पोटावरची वर्तमानपत्राची घडी मात्र त्यांनी घेतली, सोडून मांडीवर पसरली आणि तपासायला सुरुवात केली. गाडी इमारतीच्या फाटकातून डावीकडे वळली आणि हॉर्नने सगळी इमारत जागी केली. निरोप द्यायला गॅलरीत माणसं जमली. आरेखकांनी हात हलवला. हा समारंभ त्यांच्यासाठी ठरवलेला नव्हता, पण त्यांना तो योग्य वाटला.

घाटाच्या पायथ्याशी आडवा दांडा होता आणि दांड्याजवळ नाकेदार होता. मुलीने गाडी डावीकडे घेऊन कडेला उभी केली. स्टिअरिंग वळलेलंच राहिलं आणि हॉर्न वाजत राहिला. त्या आवाजात नाकेदाराने परवाना आणि त्याला जोडलेला नकाशा उलटासुलटा पाहिला आणि ओरडून विचारलं की या दोन सह्या एकाच माणसाच्या कशा. आरेखक ओरडून सांगू लागले की एक आपली आहे आणि दुसरीही आपलीच आहे, पण ती दुसऱ्याने केलेली आहे. नाकेदाराची भुवई वर गेली. तेव्हा मागून सासरेबुवांनी कागद मागून घेतला, दोन्ही सह्या चष्म्याजवळ नेल्या आणि चौतीस वर्षांच्या अनुभवाने निकाल दिला.

“खालची कॉपी आहे,” ते म्हणाले. “शंकाच नाही.”

आरेखकांनी डोळे मिटले. स्वतःच्या रस्त्याच्या दारात, स्वतःच्या सहीवरून, स्वतःच्या सासऱ्याने आपल्याला पकडून द्यावं, यापुढे माणसाचा आणखी अपमान होऊ शकत नाही, असं त्यांना वाटलं. पण तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती, मागचेही हॉर्न वाजवू लागले होते, आणि नाकेदाराने एक हात कानावर ठेवून दुसऱ्या हाताने दांडा वर केला होता. काही का असेना, हे भोंगा घेऊन आलेले लोक पुढे गेलेले बरे, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

घाट सुरू झाला आणि आरेखकांना कंठ फुटला. वळण यायच्या आधीच ते सांगत. आता उजवं येईल, आता मोरी, म्हणजे पाणी खालून जायची वाट, आता डावं. डावं आलं की गाडी स्वतःच दुजोरा द्यायची. दोन्ही बाजूंना झाडी दाटत होती, खाली दरी उघडत होती, गार वारा येत होता, आणि आरेखकांना प्रत्येक दगडाला नावाने हाक मारावीशी वाटत होती. रस्ता खरंच देखणा होता. कुठे घाई नाही, कुठे हिसका नाही. बायको म्हणाली की छान आहे हो. एवढ्यानेसुद्धा त्यांना भरून आलं.

“पाठ केलंत तुम्ही,” सासरेबुवा मागून म्हणाले. “नकाशा पाठ असणं निराळं आणि घाट कळणं निराळं.”

अकराव्या वळणाला आरेखक छातीठोकपणे म्हणाले की उजवं. हॉर्न वाजला. मागून वर्तमानपत्रावर पेन्सिल टेकवल्याचा आवाज आला. कागदावरचं उत्तर डोक्यात फिरलं, एवढंच झालं होतं, पण ते समजावून सांगायची ती वेळ नव्हती. बारावं वळण आरेखकांनी सांगितलंच नाही. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि हातातलं लिंबू त्यांनी इतकं दाबलं होतं की रस विजारीवर गळत होता.

“बाबा, गाडी लागतेय का?” तिने हळूच विचारलं. त्यांनी नकाराची मान हलवली. ते वरच्या उताराकडे बघत होते.

गाडी लागली होती ती सासरेबुवांना. बराच वेळ ते वर्तमानपत्राच्या एकाच ओळीवर थांबले होते. आता त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मोजक्या शब्दांत सांगितलं की आपल्याला उतरायचंय.

“इथे नको,” आरेखक म्हणाले.

सव्वीस वर्षांत त्यांनी सासऱ्यांना थेट नकार दिल्याची ही पहिलीच वेळ. बायको चकित होऊन बघत राहिली.

“अहो, अप्पांचा रंग बघा,” ती म्हणाली. “थांबव गं तू.”

“इथे थांबायचं नाही. हे तेरावं आहे. पुढे चल, लवकर चल.”

पण हॉर्न वाजू लागला होता, म्हणजे मुलगी वळत होती, आणि वळताच समोर अशी जागा आली की तिथे न थांबणं कुणालाही जमलं नसतं. डोंगर मागे सरकला होता. रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला काळ्या खडकाचा सपाट चौथरा पुढे आला होता, त्याला भक्कम दगडी कठडा, आत चार-पाच बाकं. आणि कठड्यापलीकडे, सगळ्या डोंगरांच्या खाली, समुद्र. उन्हात तो एवढा मोठा आणि एवढा गप्प होता की मुलीने न विचारताच इंजिन बंद केलं. दहा-बारा गाड्या आधीच थांबल्या होत्या. लोक फोटो काढत होते, बाकांवर डबे उघडत होते.

बायकोने वडिलांना बाकावर बसवलं, नाकाशी लिंबू धरलं, आणि त्यांनी आधार न विचारता हुंगलं. आरेखक खाली उतरले खरे, पण समुद्राकडे पाठ करून. नकाशात चौथरा नव्हता. नकाशात कठडा नव्हता. नकाशात रस्ता तिकडे आत, डोंगराच्या पोटाशी होता, आणि आता त्या जागी दगडांचा ढीग पडलेला दिसत होता, माणसाएवढाले दगड, एका उंच भिंतीमागे अडवलेले.  आपली रेघ होती तिथे डोंगर कोसळला होता.

इकडे सासरेबुवांना बरं वाटू लागलं, आणि बरं वाटू लागताच त्यांचे डोळे सवयीने काहीतरी वाचायला शोधू लागले. कठड्याच्या मधोमध एक मोठा दगड उभा केलेला होता आणि त्यावर अक्षरं कोरलेली होती. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो घेत होते. सासरेबुवांनी वाचलं. खिशातून तांबडी पेन्सिल काढली. उठले, दगडापर्यंत गेले, पेन्सिल उचलली, आणि ती तशीच हवेत राहिली.

दगडावर कोरलं होतं, ‘येथे थांबून पहाणे’.

 ‘ण’चा पाय गरजेपेक्षा लांब होता. ‘थ’ला पाठीवर थोपटल्यासारखा बाक होता. आणि काना ‘ह’ला होता. असलं ‘पहाणे’ त्यांनी सव्वीस वर्षं तपासलं होतं. ते वळले आणि त्यांनी हाक मारली.

“जावईबापू, हे तुम्ही लिहिलंय.”

आरेखक जवळ आले, दगड पाहिला आणि त्यांनी ‘ह’च्या कान्यावरून बोट फिरवलं. बावीस वर्षांपूर्वी फोन ठेवता ठेवता पेन्सिलीने खरडलेली टीप, हातभर मोठी होऊन, पहाडात उभी होती. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. शंका आली ती, फोन आला तो, चार दिवस, रिकामं टेबल, उभ्याने वाचलेल्या बातम्या, सगळं. ते म्हणाले की लोकांनी इथे थांबून समुद्र पाहावा असं त्यात काही नव्हतं. काम इथे थांबव आणि आकडा पुन्हा बघ, एवढंच स्वतःला बजावलं होतं.

“मग आकडा चुकला होता का?” सासरेबुवांनी विचारलं.

 त्याचं उत्तर होतं कठड्याला चुना लावत असलेल्या एका म्हाताऱ्याकडे. रस्त्याचा एवढा तुकडा झाडायचा, राखायचा त्याचा धंदा. रस्ता बांधला तेव्हा तो इथेच पहारीवर होता. दगडाचा विषय निघाल्याचं पाहून तो आपणहून पुढे आला. या दगडाची गोष्ट तो रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार, कारण ती त्याला पाठ होती.

तो म्हणाला की काम इथवर आलं आणि मोठ्या साहेबांनी नकाशा उघडला, तर त्यात हे लिहिलेलं. नकाशावर असं कुणी लिहीत नाही. साहेब म्हणाले, लिहिलंय तर थांबू या. दोन दिवस काम बंद ठेवलं, दोर लावून माणसं वर चढवली. तर आकडा खराच निघाला, डोंगर उभा, आणि वरचा सगळा उतार सुटा. हाताने ढकलावा तर दगड निघतो. मग रस्ता तिथून काढून बाहेर या कातळावर आणला, आणि कातळ उरला म्हणून कट्टा केला.

“तीनदा दरड आली तेव्हापासून,” म्हातारा भिंतीमागच्या ढिगाकडे बोट करून म्हणाला. “रस्त्याला एकदाही शिवली नाही. गाड्या चालू होत्या. ज्याने लिहिलं त्याला दिसत होतं बघा, कचेरीत बसून.”

“आणि हे कोरलं कुणी?”

“जागेला काय नाव द्यायचं, विचारलं आम्ही. साहेब म्हणाले, नकाशात आहे तसंच घाला. पाथरवटाने नकाशा समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवलं.”

आरेखकांना अनुरेखकाची आठवण झाली. तो म्हणाला होता की जे होतं ते सगळं उतरवलं. उद्या कचेरीत जाऊन त्याच्या टेबलावर पेढ्यांचा अख्खा पुडा ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं.  बावीस वर्षं जी गोष्ट चूक म्हणून लपवली, ती या घाटात त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट निघाली होती. त्यांना आनंद झाला, आणि एवढी वर्षं उगाच घाबरलो म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.

“म्हणजे माझ्यामुळे झालं हे,” मुलगी म्हणाली. “मी त्या दिवशी आले नसते तर तुम्ही टीप लिहिली नसतीत. आकडा तिथेच गुपचूप सुधारला असतात.”

हे खरंच होतं. एवढ्यात फोटो काढणाऱ्या एका घोळक्याने आरेखकांना दगडापुढून जरा बाजूला व्हायला सांगितलं. ते सवयीने माफी मागून सरकू लागले, तर बायकोने त्यांचा दंड धरला.

“ते नाही सरकणार,” ती त्या अनोळखी माणसांना म्हणाली. “अक्षर त्यांचं आहे. घाट त्यांचा आहे.” आणि तिने पदराने त्यांच्या विजारीवरचा लिंबाचा रस पुसला, कारण फोटोत यांच्याशेजारी उभं राहायची त्या घोळक्याला आता घाई झाली होती.

सासरेबुवांनी तांबडी पेन्सिल खिशात ठेवली. दगडाला ती लागली नव्हती. मग ते कठड्याशी गेले आणि समुद्राकडे तोंड करून पुष्कळ वेळ उभे राहिले. थांबून पाहत राहिले, असंच म्हणायला हवं. शेवटी सगळ्यांनी तिथेच डबा उघडला. समुद्रावर जायचं राहून गेलं, कारण दुरुस्तीमुळे परत यायला संध्याकाळपर्यंतचीच वेळ होती, मग दांडा पडणार होता. परतताना आरेखकांनी एकही वळण सांगितलं नाही, आणि एकही चुकलं नाही. दांड्याशी नाकेदाराने हॉर्न लांबूनच ओळखला आणि परवाना न पाहता सलाम केला. तो गाडी लवकर पुढे जावी म्हणून होता, पण आरेखकांनी तो स्वीकारला.

चार दिवसांनी सासरेबुवांचं पत्र आलं. दोन थांब्यांवर राहूनही ते पत्रच पाठवत. बोललेलं तपासता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्र छोटं होतं. लिंबाबद्दल आपलं मत बदललं आहे. परवान्याच्या प्रकरणात आपण मध्ये बोलायला नको होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘तो घाट मला पुन्हा एकदा तुमच्याबरोबर थांबून पहाणे आहे.’

आरेखक चमकले. त्यांनी पत्र खिडकीशी नेलं. काना ‘ह’लाच होता. सासरेबुवांच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. मग त्यांना दिसलं की त्या शब्दाखाली बारीक तांबडी रेघ आहे आणि समासात लिहिलेलं आहे, ‘असू द्यावे. बाकी मजकूरही मान्य.’

त्यांनी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं, मुलीला वाचून दाखवलं, आणि विमावाल्यांना जिन्यात गाठून, टोमॅटोचा आधार न घेता, सरळ वाचून दाखवलं. रात्रीच्या जेवणाआधी ते उत्तर लिहायला बसले. आपण म्हणाल त्या रविवारी निघू, असं त्यांनी लिहिलं, लिंबं आमच्याकडची, असंही लिहिलं, आणि सर्वांत शेवटी सावकाश एकेक अक्षर लिहिलं, ‘उत्तराची वाट पाहत आहे.’

पाकीट बंद करण्याआधी काना बरोबर ‘प’वर पडलाय ना, हे त्यांनी थांबून पाहिलं.